पेपा पिगचा ‘मिस्टर स्किनी लेग्ज’: पाच मिनिटांचं सुरेख काम आणि एक घातक वाक्य

पेपा पिग या कार्टून मालिकेच्या पहिल्या सीझनमधला ‘मिस्टर स्किनी लेग्ज’ हा भाग तीन ते पाच वर्षांच्या मुलाला एकट्यानं बघायला देऊ नका. मोठं माणूस शेजारी बसून बघणार असेल आणि मध्ये एकदा थांबवून दोन वाक्यं बोलणार असेल, तर जरूर दाखवा. भाग वाईट आहे म्हणून हे म्हणत नाही. उलट मांडणी, वेग, संवाद या सगळ्यांत तो इतका नेटका आहे की त्यातलं एक चुकीचं वाक्यही मुलाच्या डोक्यात पक्कं बसतं. इतक्या जाणत्या मंडळींनी ही चूक करावी आणि नंतर ती दुरुस्तही करू नये, ही खरी निराशा.

आधी मालिकेबद्दल थोडं. नेव्हिल अ‍ॅस्टली आणि मार्क बेकर यांची ही ब्रिटिश मालिका 2004 मध्ये चॅनल फाइव्हवर सुरू झाली. पेपा चार वर्षांची आणि धाकटा भाऊ जॉर्ज दोनचा. एक भाग साधारण पाच मिनिटांचा. पहिल्या सीझनमध्ये असे 52 भाग आहेत आणि हा त्यांतलाच एक. आपल्याकडे ही मालिका मुलं बहुतेक मोबाईलवर किंवा टीव्हीवर यूट्यूब लावून बघतात. भाग एकामागून एक आपोआप सुरू होतात, त्यामुळे कोणता भाग कधी लागला याकडे घरातल्यांचं लक्ष नसतं. या भागाच्या बाबतीत तेच महागात पडू शकतं.

गोष्ट एवढीशीच आहे. घरात कोळी दिसतो. पेपा घाबरते. डॅडी पिग येऊन तिला समजावतो की कोळी अगदी अगदी लहान असतात, ते तुला काही इजा करू शकत नाहीत. मग भीती जाते, कोळ्याला ‘मिस्टर स्किनी लेग्ज’ हे नाव मिळतं, पेपा त्याला उचलते, बिछान्यात निजवून पांघरूण घालते आणि चहाचं आमंत्रणही देते. पाच मिनिटांत किंचाळण्यापासून चहापानापर्यंतचा प्रवास.

यातलं चांगलं काय, ते आधी सांगायला हवं, कारण ते खरोखर चांगलं आहे. भीतीवर काम करायची जी शहाणी रीत मानतात, तिच्याच पायऱ्या इथे दिसतात. घाबरलेल्या मुलाला कोणी रागावत नाही, ‘एवढ्याशा किड्याला काय घाबरतेस’ म्हणून चिडवत नाही. जवळचा मोठा माणूस शांतपणे येतो. मग बघणं, मग नाव देणं, मग जवळ जाणं. नाव देण्याची पायरी फार मोलाची आहे. लहान मुलाला ज्याचं नाव माहीत नाही ते सगळं सारखंच भयंकर वाटतं, आणि नाव मिळालं की त्या गोष्टीकडे नीट बघायला सुरुवात होते. इथे नावही अंगाच्या वर्णनावरून आलंय, बारीक पायांवरून. म्हणजे मूल कोळ्याच्या पायांकडे बघतं. निरीक्षणाची पहिली ओळ अशी सहज घातली जाणं ही लेखनातली कमाई आहे.

दुसरं, भाषा. पेपा पिगमध्ये वाक्यं सहा-सात शब्दांची असतात. निवेदक जॉन स्पार्क्स जे घडतंय तेच सोप्या शब्दांत सांगतो आणि पात्रं तेच शब्द परत वापरतात. एक शब्द पाच मिनिटांत चार-पाच वेळा कानावर पडला की इंग्रजी घरी न बोलणाऱ्या मुलालाही तो कळतो. मराठी घरातली कितीतरी मुलं रंग, फळं आणि नातेसंबंधांचे इंग्रजी शब्द याच मालिकेतून उचलतात. चित्रं सपाट, कडा ठळक, मागे फापटपसारा नाही, त्यामुळे नजर भरकटत नाही. प्रसंगांमध्ये श्वास घ्यायला जागा असते. आजकालच्या कित्येक बालवाहिन्यांवर दर दोन सेकंदांनी चित्र बदलतं आणि मागे सतत ढणढणाट असतो. त्यापुढे ही मालिका मुलाच्या वेगानं चालते.

आता ते वाक्य.

डॅडी पिग दोन गोष्टी जोडून सांगतो: कोळी लहान असतो, आणि तो इजा करू शकत नाही. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, म्हणून दुसरी आपोआप खरी वाटते. चार वर्षांचं मूल यातून एक नियम काढतं: लहान ते निरुपद्रवी. ‘आपल्या घरातला हा कोळी’ आणि ‘सगळे कोळी’ हा भेद त्या वयात होत नाही, आणि वाक्यही तो भेद करत नाही. ते सरसकट सगळ्या कोळ्यांबद्दल आहे. शिवाय ते बोलतो बाबा. डॅडी पिग मालिकेत पुष्कळदा फजीत होतो, पण घरातला दिलासा देणारा माणूस तोच आहे. त्याच्या तोंडून आलेलं वाक्य मूल पडताळून बघत नाही. त्यानंतर लगेच कोळी हातात येतो. शब्द आणि कृती एकाच दिशेनं गेली की ते शिकवणं पक्कं होतं. शिकवायची गोष्ट बरोबर असती तर याच तंत्राचं कौतुक केलं असतं.

ब्रिटनमध्ये हे वाक्य बऱ्याच अंशी खपून जातं. तिथे घरात दिसणारा मोठा तपकिरी कोळी दिसायला दांडगा असतो, पण माणसाला त्याचा धोका जवळपास नाही. सप्टेंबरच्या सुमारास नर कोळी माद्या शोधत हिंडतात आणि वॉशबेसिनमध्ये, बाथटबमध्ये घसरून पडतात. गुळगुळीत चिनीमातीवर त्यांना चढता येत नाही, म्हणून ते तिथेच अडकून राहतात. तिथल्या घराघरांत मुलांची किंकाळी उठते ती अशा वेळी. लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्यांनी या रोजच्या प्रसंगावर गोष्ट रचली, त्यात गैर काही नव्हतं. चूक पुढे झाली, भाग देशाबाहेर गेला तेव्हा.

ऑस्ट्रेलियात काय झालं ते बघा. 2012 मध्ये तिथल्या एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेनं हा भाग दाखवण्यायोग्य नाही असं ठरवून बाजूला ठेवला. 2017 मध्ये तोच भाग तिथे निक ज्युनिअरवर लागला. सिडनीतल्या एका प्रेक्षकानं तक्रार केली. वाहिनीचं पहिलं उत्तर असं होतं की हा कोळी खरा वाटत नाही, त्याचा चेहरा हसरा आहे, आजूबाजूला बोलणारे प्राणी आहेत, त्यामुळे भीती वाटण्याजोगं काही नाही. शेवटी त्यांनीही भाग काढला. पण ते पहिलं उत्तर नीट वाचण्याजोगं आहे. तक्रार भाग भीतिदायक असल्याची नव्हतीच. तक्रार होती ती आवश्यक तेवढी भीतीही तो घालवतो याची. हसरा चेहरा हा बचाव होऊ शकत नाही, कारण दोष नेमका तिथेच आहे. वाहिनीच्या त्या उत्तरात ‘मूल घाबरेल का’ एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार दिसतो. ‘हे बघून मूल काय करेल’ हा प्रश्न त्यात कुठेच नाही. या भागात पहिल्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण आणि दुसऱ्याला शून्य.

सिडनीच्या आसपास फनेल-वेब नावाचा कोळी सापडतो. अंग एक ते पाच सेंटिमीटर, रंग चकचकीत काळा. उन्हाळ्याच्या दिवसांत नर बिळं सोडून हिंडतात, घरात येतात, जमिनीवर पडलेल्या कपड्यांत आणि बुटांत शिरतात. पोहण्याच्या तलावात पडले तर बुडाल्यासारखे दिसतात, पण कित्येक तास जिवंत राहू शकतात आणि बाहेर काढणाऱ्याला चावतात. या जातीत नराचं विष मादीपेक्षा जास्त घातक. 1981 मध्ये त्यावरचं प्रतिविष वापरात आलं. त्याआधी 13 मृत्यूंची नोंद आहे. त्यानंतर या कोळ्यामुळे कोणी दगावल्याची नोंद नाही. हे प्रतिविष बनवायला विष लागतं आणि त्यासाठी न्यू साऊथ वेल्समधलं ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्क लोकांना जिवंत कोळी बरणीत धरून आणून द्यायला सांगतं. ते कसं धरायचं याच्या सूचना मोठ्यांसाठी असतात. दुसरा तिथला रेडबॅक. मादीचं अंग जेमतेम एक सेंटिमीटर, पाठीवर लाल पट्टा. बागेतल्या खुर्च्यांखाली, शेडमध्ये, जुन्या बुटांत तिचं जाळं असतं. तिच्यावरचं प्रतिविष 1956 पासून आहे. म्हणजे ‘अगदी अगदी लहान’ हे वर्णन रेडबॅकला तंतोतंत लागू पडतं आणि पुढचं अर्धं वाक्य साफ खोटं ठरतं.

‘आपण ऑस्ट्रेलियात थोडेच राहतो’ असं म्हणून हा विषय सोडता येत नाही. महाराष्ट्रात घरात दिसणारे कोळी बहुतेक सगळे निरुपद्रवी आहेत, हे आधी ठासून सांगतो. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, केसासारख्या पायांचा कोळी माणसाला काहीच करत नाही. भिंतीवर चिकटून बसणारा, हाताच्या पंजाएवढा पसरलेला चपटा तपकिरी कोळी, ज्याला बघून घरात आरडाओरडा होतो, तो रात्री झुरळं खातो. खिडकीच्या गजावर उड्या मारणारा छोटा, केसाळ कोळी माश्या टिपतो. हे चावले तर फार फार तर गांधील माशीच्या डंखाइतकं दुखतं, आणि चावतात ते चिमटीत धरल्यावर किंवा कपड्यांत दाबले गेल्यावर. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारा मोठा टॅरंटुला मात्र वेगळा. तो चावला तर तीव्र वेदना होतात आणि स्नायूंत पेटके येऊ शकतात. ट्रेकला किंवा गावी गेलेल्या मुलानं झाडाच्या पोकळीत हात घालू नये, याला हे एक कारण.

पण आपल्याकडचा खरा धोका कोळ्याचा नाही. तो त्या काढलेल्या नियमाचा आहे. ‘लहान आहे, बारीक पायांचा आहे, काही करत नाही’ हा नियम घेऊन मूल कोकणात मामाच्या घरी जातं. तिथे जांभ्या दगडांच्या गडग्यात, लाकडांच्या ढिगाखाली, नारळाच्या सोडणांत, भाताच्या पेंढ्यात लाल विंचू असतो. तोही आठ पायांचा, तोही बोटभर. त्याच्या दंशानं लहान मुलांच्या हृदयावर आणि फुफ्फुसांवर परिणाम होतो. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं आणि मृत्यूचं प्रमाण फार खाली आणलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम मुळात करावं लागलं, कारण रायगड-रत्नागिरीच्या खेड्यांत मुलं विंचवाच्या दंशानं दगावत होती. त्या मुलांनी पेपा पिग पाहिलं होतं असं कोणी म्हणणार नाही. मुद्दा इतकाच की या मातीत वाढणाऱ्या मुलाला ‘लहान म्हणजे निरुपद्रवी’ हे शिकवणं परवडत नाही. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप लागणं यांपैकी काहीही दिसलं तर मंत्र उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. जखमेवर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. मुलाला तडक प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. दंशानंतर काही तास देखरेख लागते, म्हणून वरवर ठीक दिसलं तरी नेलेलं बरं.

दुसऱ्या बाजूचं खोटंही आपल्याकडे भरपूर आहे आणि या भागाची बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा इथे रास्त ठरतो. ‘कोळी अंगावरून गेला की फोड येतात’, ‘कातीण मुतली’ असं घरोघरी सांगतात. पावसाळ्यात मानेवर, दंडावर भाजल्यासारखे चट्टे उठतात ते बहुतेक वेळा एका बारीक काळ्या-नारिंगी भुंग्यामुळे. तो दिव्याभोवती येतो, अंगावर बसतो, आपण झोपेत चिरडतो आणि त्याच्या अंगातलं द्रव्य कातडी भाजतं. कोळी बिचारा त्यात कुठेच नसतो. पट्ट्यासारखे दुखरे फोड असतील तर ती बहुधा नागीण असते आणि तिचं कारण विषाणू. म्हणजे आजी सांगते की कोळी नुसता फिरला तरी फोड येतात, आणि डॅडी पिग सांगतो की कोळी काहीच करू शकत नाही. मुलाला मिळतात दोन टोकं. आजीचं ऐकणारं मूल प्रत्येक कोळ्याला चपलेनं मारतं, डॅडी पिगचं ऐकणारं प्रत्येकाला हातात घेतं. मधलं, खरं आणि कामाचं वाक्य कोणीच सांगत नाही. निर्मात्यांना ते सहज सांगता आलं असतं, म्हणून जास्त चुटपुट लागते.

कारण याच मालिकेनं आपली चूक दुरुस्त केल्याचं उदाहरण आहे. सुरुवातीच्या भागांत पेपाचं कुटुंब गाडीत सीटबेल्ट न लावता बसायचं, सायकल चालवताना डोक्यावर हेल्मेट नसायचं. पालकांच्या तक्रारी आल्या. निर्मात्यांनी पुढच्या भागांत सीटबेल्ट आणि हेल्मेट घातलेच, शिवाय पहिल्या दोन सीझनमधली अशी दृश्यं नव्यानं करून घेतली. ही साधी गोष्ट नाही. गाडी असलेलं प्रत्येक दृश्य शोधायचं, प्रत्येक पात्रावर पट्टा काढायचा, हलताना तो नीट बसतोय का बघायचं. एवढे कष्ट ज्यांनी घेतले त्यांना या भागात चित्राला हातही न लावता काम भागवता आलं असतं. पेपा पिगमध्ये पात्रांचं तोंड म्हणजे उघडझाप करणारा एक साधा आकार. ओठांच्या हालचाली शब्दाशब्दाला जुळवाव्या लागत नाहीत, म्हणूनच या मालिकेचं डबिंग इतक्या भाषांत सहज होतं. डॅडी पिगच्या वाक्याऐवजी ‘आपल्या घरातला हा कोळी काही करत नाही, पण हात लावण्याआधी मला विचार’ एवढं वाक्य त्याच जागेत मावलं असतं. फार तर दीड सेकंद जास्त. ऑस्ट्रेलियासाठी, भारतासाठी आवाजाची वेगळी पट्टी करता आली असती. ते न करता एका देशात भाग गायब झाला आणि बाकी जगात जसाच्या तसा चालू राहिला. हा दुरुस्तीचा आळस आहे, आणि मुलांच्या मालिकेला तो शोभत नाही.

उचलण्याचं दृश्य मात्र वाक्य बदलूनही सुटत नाही. माणसाचा धोका सोडा, कोळ्याच्या बाजूनं बघा. कोळ्याचं पोट अतिशय मऊ असतं, लहान मुलाच्या चिमटीत ते सहज फुटतं. पाय सांध्यातून पटकन निखळतात. हातातून फरशीवर पडला तर मोठा कोळी जखमी होऊन मरूही शकतो. पांघरुणाखाली तो दडपला जाईल, आणि चहाशी त्याला काही कर्तव्य नाही. गोष्टीत हे सगळं प्रेमानं घडतं, म्हणून तर ते जास्त अनुकरणीय वाटतं. प्राण्यावर प्रेम करायचं म्हणजे त्याला हातात घ्यायचं, निजवायचं, खाऊ घालायचं, ही समजूत मुलांच्या कार्यक्रमांत इतकी रुजली आहे की दुरून बघणं हाही प्रेमाचा प्रकार आहे, हे दाखवायला कोणी धजत नाही. या भागाला तशी संधी होती. कोळ्याचं जाळं, त्याचं शिकार धरणं, त्याचे आठ पाय क्रमानं उचलले जाणं, यातलं काहीही पाच मिनिटांत सुंदर दिसलं असतं. निर्मात्यांनी कोळ्याचा बाहुला केला.

मग मुलांना तो दाखवायचा कसा? दिवसा दाखवा, संध्याकाळी झोपण्याआधी नको. कोळ्याचा विषय निघाला की मूल लगेच ‘आपल्याकडे आहे का’ विचारतं, आणि उजेडात बाल्कनीत खरा कोळी दाखवणं सोपं जातं. डॅडी पिगचं ते वाक्य संपलं की थांबवा. मुलाला विचारा, ‘तुला काय वाटतं, सगळेच कोळी असे असतात?’ उत्तर काहीही येऊ दे. मग एकच नियम सांगा: बघायचं, मोठ्यांना हाक मारायची, हात लावायचा नाही. तीनच गोष्टी, त्याही याच क्रमानं. ‘हात लावू नको’ पासून सुरुवात केली तर मुलाच्या डोक्यात ‘हात’च राहतो. ‘बघायचं’ आधी आलं की कुतूहल मारलं जात नाही. उचलण्याच्या दृश्याला परत थांबवायची गरज नाही, फक्त ‘पेपानं हाक मारली का गं कुणाला आता?’ असं मध्येच विचारा. मूल स्वतःच चूक पकडतं आणि त्याला फार मोठं काही केल्यासारखं वाटतं.

भाग संपल्यावर उडी मारणारा कोळी शोधा. खिडकीच्या चौकटीवर, कुंडीच्या कडेला तो दुपारी हमखास सापडतो. चार-पाच मिलिमीटरचा जीव, पण पुढचे दोन डोळे इतके मोठे की जवळ बोट नेलं तर वळून आपल्याकडे बघतो. एक वीतभर अंतरावरून बघायला सांगा. भीती जायला हे पुरेसं असतं. घाबरणाऱ्या मुलासाठी आधी दोन हात लांबून, मग एक हात लांबून, असं अंतर कमी करा. ओढून जवळ नेऊ नका, एकदा किंचाळलं की पुढचे काही दिवस काम वाया जातं.

घरातला कोळी बाहेर सोडायचा असेल तर पेपाच्या चहापानाऐवजी ही कृती मुलासमोर करा. पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, स्टीलचा नको, कारण आतला कोळी दिसला पाहिजे. जुनी लग्नपत्रिका घ्या. साधा कागद वाकतो आणि कोळी फटीतून निसटून हातावर येतो, गडबड बहुतेक इथेच होते. कोळी सपाट भिंतीवर येईपर्यंत थांबा. कोपऱ्यात डब्याची कड टेकत नाही. डबा सावकाश वरून ठेवा, कडेखाली पाय सापडत नाहीत ना ते बघा. मग पत्रिका खालून हळूहळू सरकवा, म्हणजे कोळी स्वतःच पाय उचलून तिच्यावर चढतो. भिंतीवरचा मोठा चपटा कोळी असेल तर डब्याचं तोंड पंधरा सेंटिमीटर तरी हवं, कारण त्याच्या पायांचा पसारा दहा सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि तो फार चपळ असतो. तो हाती लागला नाही तर नाद सोडा, रात्री झुरळं खाऊ दे. पत्रिकेसकट डबा कुंडीजवळ न्या, आडवा ठेवा, पत्रिका काढा आणि दोन पावलं मागे या. मुलाचं काम पत्रिका आणून देणं आणि दार उघडणं. हातात डबा द्यायचा नाही.

बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, जमिनीवरचे कपडे झटकून घालायचे, दगडाखाली किंवा लाकडांत हात घालायचा नाही, या सवयी कोकणातल्या आणि डोंगराकडच्या घरांत आजही शिकवल्या जातात. शहरातल्या मुलाला सुट्टीला पाठवण्याआधी त्या सांगून ठेवा. या भागानंतर लगेच सांगितल्या तर जास्त लक्षात राहतात, कारण कोळी डोक्यात ताजा असतो.

सहा वर्षांपुढच्या मुलाला हा भाग बिनधास्त एकट्यानं बघू द्या. त्या वयात ‘हा कोळी’ आणि ‘सगळे कोळी’ यांतला फरक कळू लागतो, आणि पुष्कळ मुलं स्वतःच म्हणतात की बाबा चुकीचं सांगतोय. त्याखालच्या वयासाठी यूट्यूबवर भाग आपोआप पुढे जाण्याची सोय बंद करून ठेवा आणि हा भाग तुम्ही समोर असताना लावा.